सिंकजवळचा ग्रॅनाइट पांढरट पडतोय, घासलं की जातं आणि परत येतं: आधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, बसवून काही वर्षं झालीत, गॅसकडची बाजू अजून चकचकीत आहे पण सिंकच्या कडेने आणि नळाच्या मागे एक पांढरट पट्टा आलाय, ओलं असताना अजिबात दिसत नाही आणि वाळलं की परत हजर. कामाला येणाऱ्या मावशी घासून घासून थकतात, दोन दिवस बरं वाटतं, मग जैसे थे. मग कोणी सांगतं लिंबू चोळा, कोणी सांगतं खोबरेल लावा, आणि शेवटी एखादा प्लंबर नाहीतर शेजारी टॉयलेट क्लीनरची बाटली सुचवतो आणि तिथून खरा घोळ सुरू होतो.

आमचं काम पुण्यात घरदुरुस्तीचं आहे, ओटे काढणं-बसवणं त्यातच येतं, त्यामुळे हा प्रश्न सारखा कानावर येतो, उन्हाळ्यात टँकर चालू झाले की जरा जास्तच. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

मुळात "पांढरं आलंय" हा एकच आजार नाहीये. दिसायला सारख्या दिसणाऱ्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत: वरून साचलेले पाण्याचे क्षार, खालून किंवा सांध्यातून बाहेर येणारे क्षार, दगडाचं पॉलिश किंवा रंग उडालेला, आणि साबण-तेलाचा नुसता थर. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, एवढंच नाही तर एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. म्हणून कुठलीही बाटली उघडायच्या आधी कुठला प्रकार आहे ते बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

आधी ओटा वाळवा

रात्री जेवणं आटोपली की सिंकच्या आजूबाजूचं सगळं सामान उचला, साध्या पाण्याने पुसून घ्या, कोरड्या फडक्याने कोरडं करा आणि सकाळपर्यंत नळ चालू करू नका. सकाळी उजेडात, शक्यतो मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा. नखाने खरवडा. नखाला खरखरीत लागलं, थोडासा चुरा निघाला किंवा थराची कड जाणवली तर वर काहीतरी बसलंय, म्हणजे क्षार. अगदी गुळगुळीत लागतंय पण चमक नाहीये, पांढरं म्हणण्यापेक्षा राखाडी दिसतंय, तर बसलेलं काही नाही, गेलेलं आहे, पॉलिश तरी नाहीतर रंग तरी. बोट फिरवलं की बोटाचा ठसा उमटतो, रेघ ओढली जाते, तर साबण-तेलाचा थर. आणि रात्री पूर्ण स्वच्छ केलेलं असताना, पाण्याचा थेंब पडलेला नसताना सकाळी सांध्यालगत पिठासारखी पांढरी भुकटी आली असेल तर ते खालून येतंय.

ही शेवटची गोष्ट नीट बघा, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. लोक वरचं घासत बसतात आणि पाणी खालून चढत असतं.

वरून साचलेले क्षार

हा सगळ्यात कॉमन प्रकार. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, पाणी उडून गेलं की कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं, गिझरच्या कॉईलवर जे बसतं आणि गरम पाण्याच्या पातेल्याच्या बुडाला जे बसतं तेच हे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पाण्याचा कठीणपणा, म्हणजे हेच क्षार, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी पिण्यालायक आहे असा रिपोर्ट असला तरी ओट्यावर डाग पडणार नाहीत असं काही नाही. मुंबईत भातसा-तानसा-वैतरणेचं पाणी येतं, ते मऊ, तिथे हा त्रास कमी. इकडे बेसॉल्टच्या खडकातल्या बोअरला तो हमखास.

काळ्या दगडावर ते उठून दिसतं म्हणून लोकांना वाटतं ग्रॅनाइट खराब निघाला. ग्रॅनाइटचा काही दोष नाही, तेच पाणी फिकट दगडावर वाळलं असतं तर तुम्हाला दोन वर्षं कळलंही नसतं.

काढायचं कसं? नवा थर असेल, नुसती पांढरी झाक, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात टिश्यू भिजवून डागावर पाच-सात मिनिटं ठेवा, प्लास्टिकच्या घासणीने हलकं घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा. पण त्याआधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात, मिक्सरच्या मागे वगैरे, थेंबभर लावून दहा मिनिटांनी बघा. तिथे चमक गेली तर तिथेच थांबा, त्याचं कारण पुढे सांगतो.

जुना, जाड थर व्हिनेगरला दाद देत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिकाही (वाळूत आणि काचेत असते तीच) असते आणि ती थरात बसली की साध्या आम्लाने सुटत नाही. इथे लोक चिडतात आणि जास्त कडक ॲसिड शोधतात. त्यापेक्षा ब्लेड घ्या. हो, साधं ब्लेड, शक्यतो एका बाजूला धार असलेलं, रंगवाले काचेवरचा रंग काढायला वापरतात तसं पकडीतलं. जागा साबणाच्या पाण्याने ओली ठेवायची, ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं आणि पुढे ढकलत खरवडायचं, टोक रुतवायचं नाही. थर पापुद्र्यासारखा निघतो. खऱ्या ग्रॅनाइटला याने ओरखडा पडत नाही, कारण त्यातली फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं मोहच्या मापावर, म्हणजे दगडाचा टणकपणा मोजायच्या मापावर, ६ आणि ७ आहेत, स्टीलचं पातं साधारण साडेपाच. म्हणूनच ओट्यावर थेट भाजी चिरली तर ओट्याला काही होत नाही, सुरीची धार जाते. मात्र ओटा कडप्प्याचा किंवा मार्बलचा असेल तर ब्लेड लावू नका, तो चुनखडीच्या जातीचा मऊ दगड, लगेच ओरखडे पडतील.

थर काढला तरी तो परत येणारच, कारण पाणी तेच आहे. आणि इथे खरी तपासणी नळाची. पट्टा नळाच्या मागे आहे का? मग नळाच्या बुडातून पाणी पाझरतंय, वॉशर बदला, तीस-चाळीस रुपयांचं काम असतं. एका कोपऱ्यात आहे? मग आरओची पाइप बघा. आरओच्या फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी येतं त्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, कारण शुद्ध पाणी वेगळं काढून उरलेले सगळे क्षार त्यातच जातात, आणि ती बारीक पाइप बऱ्याच घरांत सिंकच्या काठावर नुसती लटकत ठेवलेली असते, थेंब थेंब ओट्यावर. काही घरांत पाणी वाचवायचं म्हणून तेच पाणी बादलीत साठवून ओटा पुसतात. पाणी वाचवा, चांगलंच आहे, पण ते संडासात टाका, फरशीवर एकवेळ चालेल, काळ्या ओट्यावर नको. पाइप खाली सिंकच्या जाळीपर्यंत सोडून क्लिपने पक्की केली की निम्म्या घरांत एवढ्यावरच भागतं.

भांडी विसळून पालथी ओट्यावर टाकायची सवय असेल तर खाली ट्रे ठेवा. रोज रात्री शेवटी कोरडं फडकं फिरवणं हा कंटाळवाणा पण एकमेव पक्का उपाय आहे, त्याला पर्याय म्हणून जे स्प्रे विकतात त्याने आठवडाभर पाणी मोत्यासारखं गोळा होताना दिसतं आणि मग पैसे संपतात.

खालून येणारे क्षार

हा प्रकार चिवट. याचं मूळ बसवणीत असतं, त्यामुळे आधी बसवणी कशी असते ते थोडं समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली कडप्प्याचे उभे-आडवे सपोर्ट, त्यावर सिमेंटचा माल, त्यावर १६ ते १८ मिलिमीटरची ग्रॅनाइटची लादी. सिंक खालून बसवतात, वरून ग्रॅनाइट सिंकच्या मापात कापलेला, आणि सिंकची कड व ग्रॅनाइट यांच्या मधली फट व्हाइट सिमेंटने भरलेली. मागे भिंतीच्या टाइल्स आणि ओटा यांच्या सांध्यातही व्हाइट सिमेंटच.

आता व्हाइट सिमेंट म्हणजे काही रबर नाही. स्टीलचं सिंक गरम पाण्याने प्रसरण पावतं, भांड्यांच्या वजनाने थोडं दबतं, आणि त्या सांध्याला केसासारखी बारीक चीर जाते. पाणी त्यातून खाली सिमेंटच्या मालात जातं. सिमेंटमध्ये मोकळा चुना असतोच, तो पाण्यात विरघळतो, आणि समईतली वात जशी तेल ओढते तसं ते पाणी सांध्यातून आणि ग्रॅनाइटच्या कापलेल्या कडेतून वर चढतं. वरचा पृष्ठभाग पॉलिश केलेला, तिथून फारसं शिरत नाही, पण सिंकसाठी कापलेली आतली कड बरेच मिस्त्री पॉलिश करतच नाहीत, ती उघडीच असते. पाणी हवेला लागलं की उडून जातं आणि चुना कार्बोनेट होऊन पांढरा मागे उरतो. तुम्ही पुसता, परत येतो, कारण खाली साठा आहे आणि पाणी चालू आहे.

ओळखायच्या दोन खुणा. पांढऱ्याची रेघ सांध्याला चिकटून असते, ओट्याच्या मध्यावर नाही. आणि सिंकखालची ट्रॉली उघडून टॉर्च मारला तर कडप्प्याच्या खालच्या बाजूला किंवा सिंकच्या बाहेरून ओघळ दिसतात, प्लायवूड फुगलेलं असतं, कुबट वास येतो. खात्री करायची तर खाली सिंकच्या भोवती सगळीकडे कोरडा टिश्यू सेलोटेपने चिकटवा. आधी सिंकची जाळी बंद करून फक्त सिंकमध्ये पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. टिश्यू ओला झाला तर जाळीच्या नटमधून किंवा पाइपमधून गळतंय, ते प्लंबरचं काम. कोरडा राहिला तर सिंक रिकामं करून आता वरून, ग्रॅनाइट आणि सिंकच्या सांध्यावर, मगाने हळूहळू पाणी सोडा. आता ओला झाला तर सांधा गेलाय. नळाच्या बुडाशी वेगळं सोडून बघा. हे सगळं मिस्त्रीला बोलवायच्या आधी करा, नाहीतर तो येऊन जुन्याच व्हाइट सिमेंटवर नवं व्हाइट सिमेंट फासेल, चहा पिऊन जाईल, आणि पावसाळा संपेपर्यंत तुम्ही परत तिथेच.

दुरुस्ती अशी. सांध्यातलं जुनं व्हाइट सिमेंट कटरच्या पात्याने किंवा बारीक छिन्नीने चार-पाच मिलिमीटर खोल उकरून काढायचं, धूळ ब्रशने झाडायची. मग वाळवायचं, आणि वाळवणं म्हणजे खरंच वाळवणं, दोन-तीन दिवस ते सिंक बंद, टेबलफॅन लावून ठेवायचा, भांडी बाथरूममध्ये नाहीतर ड्राय बाल्कनीत घासायची. ही पायरी कोणालाच नको असते, घरात माणसं कुरकुरतात. पण ओल्यावर सिलिकॉन भरलं तर ते दगडाला धरत नाही आणि आतलं पाणी आतच कोंडतं. वाळलं की दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून सिलिकॉन सीलंट भरा, ओल्या बोटाने दाबून सारखं करा, टेप लगेच ओढून काढा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी लागू देऊ नका.

सिलिकॉन घेताना ट्यूबवर न्यूट्रल लिहिलंय का बघा. साधं स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, ते ॲसिटिक आम्ल सोडतं, काचेला ठीक आहे, दगडाच्या आणि सिमेंटच्या कडेला नको. फिकट ग्रॅनाइट असेल तर दगडासाठी म्हणूनच मिळणारं घ्या, कारण काही सिलिकॉनमधलं तेल दगडात पसरून सांध्यालगत कायमची काळपट किनार येते. बाथरूम-किचनसाठीचं बुरशी न धरणारं मिळतं, थोडे पैसे जास्त पडतात, द्या.

सांधा बंद केल्यावरही दोन-चार आठवडे थोडं पांढरं येत राहील. घाबरू नका, आत अडकलेली ओल बाहेर निघतेय. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊन परत आत ढकलू नका. महिन्याभराने पण तितकंच येत असेल तर गळती दुसरीकडे आहे, बहुधा मागच्या भिंतीतल्या पाइपला, आणि मग ओट्याचा विषय राहत नाही.

चमकच गेलीये

आता तो प्रकार जिथे बसलेलं काही नाही. जागा गुळगुळीत, राखाडी, निस्तेज, आणि ओली केली की एकदम काळीभोर सुंदर दिसते. इथे बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी लावलेलं असतं.

आधी एक गोष्ट. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जे मिळतं ते भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने बहुतेक ग्रॅनाइट नसतंच, डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा काळा खडक असतो. त्याने बिघडत काही नाही, उलट चांगला काळा दगड फार घट्ट असतो आणि पाणी जवळजवळ पीत नाही. बिघडतं तेव्हा, जेव्हा मुळात राखाडी असलेल्या लादीला काळा रंग मुरवून जेट ब्लॅक म्हणून विकलेलं असतं. वरचं पॉलिश ताजं असेपर्यंत ओळखू येत नाही. मग साबण, सोडा, गरम पाणी रोज जिथे लागतं तिथला रंग आधी जातो, म्हणजे सिंकजवळचाच. गॅसकडचा भाग काळा आणि सिंककडचा राखाडी, दोन्ही एकाच लादीचे.

तपासायला नेलपॉलिश रिमूव्हर, ज्यात ॲसिटोन आहे असा. पांढऱ्या कापसावर घेऊन ओट्याच्या खालच्या कडेला किंवा मिक्सरमागे जोरात घासा. कापूस काळा झाला तर रंगवलेला दगड. नुसता मळ निघाला की रंग निघाला यात गोंधळ नको, म्हणून आधी साबणाने धुऊन कोरडं करून मगच करा.

दुसरं कारण ॲसिड. क्वार्ट्झ-फेल्डस्पारला लिंबाने लगेच काही होत नाही, पण लादीतल्या बारीक चिरा आणि खड्डे कारखान्यात रेझिनने, म्हणजे चिकट प्लास्टिकसारख्या पदार्थाने, भरलेले असतात, काळ्या खडकांत लोहाची खनिजं असतात, कुठे कुठे थोडं कॅल्साइटही, म्हणजे चुनखडीतलं खनिज, असतं. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड यातल्या बऱ्याच गोष्टींना लागतं. लोह सुटून पिवळसर गंजाचे डाग येतात, सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं, म्हणजे वर सांगितलेला दुसरा आजार आपणच आणला, आणि स्टीलच्या सिंकला बारीक खड्डे पडतात ते वेगळंच. गंज काढायच्या काही लिक्विडमध्ये फ्लोराइडचं आम्ल असतं, ते तर थेट सिलिकाच विरघळवतं, ओट्यावर पडलं की ती चमक परत येत नाही. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं लिक्विड कधी एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद किचनमध्ये ते जिवावर बेतू शकतं.

बऱ्याच नव्या फ्लॅटमध्ये तर ओटा तुमच्या हातात यायच्या आधीच ॲसिडने धुतलेला असतो. टाइल्सवरचं सिमेंट निघावं म्हणून मिस्त्री शेवटच्या दिवशी ॲसिड टाकून सगळं घासतात, ओटासुद्धा. ताबा घेताना सिंकच्या कडेला पिवळी झाक आणि सांधा खरखरीत दिसला तर समजून जा.

पूजेची तांब्या-पितळेची भांडी चिंच किंवा पावडरीने ओट्यावरच घासायची पद्धत असते. एकदोनदाने काही होत नाही. पण रोज त्याच जागी आम्ल आणि घासणारी पूड एकत्र, वरून तारेची घासणी, म्हणजे ती जागा हळूहळू निस्तेज होणारच. सिंकच्या आत घासा की.

उपाय काय? रंगवलेला दगड असेल तर खरं सांगतो, पूर्वीसारखा होत नाही. काळं करणारी लिक्विडं मिळतात, लावली की काही महिने बरं दिसतं, परत जातं, परत लावा. जेवणाच्या ओट्यावर असलं वारंवार लावावं असं मला वाटत नाही. खोबरेलाचं पण तसंच, लावल्या दिवशी काळं दिसतं, मग त्यावर धूळ आणि पीठ बसून चिकट थर होतो, आणि झुरळांची सोय होते. खरा काळा दगड असून फक्त पॉलिश गेलं असेल तर मात्र जागेवर परत पॉलिश होतं. डायमंडचे पॅड लावून, आधी जाड मग बारीक, ४००, ८००, १५००, ३००० असं चढत जायचं आणि शेवटी बफ. पाणी वापरून करायला सांगा, कोरडं केलं तर दगडाची धूळ घरभर होते आणि ती धूळ छातीला वाईट, सिलिका असते त्यात. फक्त डागापुरतंच पॉलिश करून घेऊ नका, गोल ठिगळ उठून दिसतं, सिंककडचा पूर्ण भाग एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत करून घ्या. लादी काढून नवी बसवण्यापेक्षा हे नक्की स्वस्त. काढताना आठ फूट बाय दोन फुटाची लादी सत्तर किलोच्या आसपास भरते आणि सिंकच्या पुढच्या अरुंद पट्टीत हमखास तुटते.

साबणाचा थर

हा सोपा, लवकर उरकतो. ओटा पुसायचं फडकं भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून तसंच फिरवलं जातं, साबण वाळत राहतो, त्यात फोडणीचं तेल मिसळतं. कोमट पाणी आणि अगदी थोडं भांड्यांचं लिक्विड, मग दोनदा साध्या पाण्याने पुसा, मग कोरडं. तरीही धुरकट राहिलं तर मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा, गॅस बंद ठेवून आणि खिडकी उघडून. कधी कधी हा थर सीलरचा, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून लावतात त्या लिक्विडचा असतो. कोणीतरी घट्ट काळ्या दगडाला सीलर लावून दिलेला असतो, दगड तो पीत नाही, मग तो वर वाळून चट्टे पडतात. काळ्या दगडाला बहुतेक वेळा सीलरची गरजच नसते.

फिकट ग्रॅनाइटवाल्यांसाठी थोडंसं

पांढऱ्या-फिकट दगडाचा त्रास उलटा, तिथे सिंकभोवती पांढरं नाही तर काळपट ओली किनार दिसते. कारण तेच, कापलेल्या कडेतून पाणी शिरणं, आणि दुरुस्तीही वरचीच, फक्त वाळायला आठवडा धरा आणि वाळल्यावर दगडात मुरणारा सीलर लावा, वरून फिल्म धरणारा नको. दर दीड-दोन वर्षांनी पाण्याचा थेंब ठेवून बघा, पंधरा मिनिटांत खाली गडद झालं तर परत लावा.

गॅसजवळचे तेलाचे डाग खाण्याच्या सोड्याची पाण्यात दह्याइतकी घट्ट पेस्ट करून लावायचे, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून वाळू द्यायचं आणि मग झाडायचं. वाळताना सोडा तेल ओढून घेतो. जुन्या डागाला तीन-चारदा करावं लागतं. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो म्हणून घाबरून जाऊ नका, हळदीला अल्कली लागली की ती लाल होतेच, कुंकू असंच तर बनायचं. उन्हाने हळद उडते, खिडकीतलं ऊन ओट्यावर येत असेल तर चार दिवस वाट बघा, बहुधा काही करावंच लागत नाही.

नवा ओटा करत असाल तर

काळाच पाहिजे हा हट्ट कुठून येतो ते माहितीये, हळद-तेल दिसत नाही म्हणून. बरोबर आहे. पण घरात बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, एकरंगी काळा घेऊ नका. ठिपक्यांचा, नक्षीचा, मध्यम रंगाचा दगड घ्या. करीमनगरकडचा टॅन ब्राउन घ्या, स्टील ग्रे घ्या. आंध्रात ओंगोलजवळ चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, ज्यात सोनेरी ठिपके असतात, तो काळाच आहे पण ठिपक्यांमुळे थोडं झाकून जातं, महाग पडतो. लेदर फिनिश, म्हणजे चामड्यासारखा थोडा खडबडीत ठेवलेला दगड, दिसायला छान, पण त्याच्या खाचांत क्षार बसले की ब्लेड चालत नाही, सिंकच्या बाजूला नको.

दुकानात जाताना खिशात एक लिंबू, कापूस, रिमूव्हरची छोटी बाटली आणि पाण्याची बाटली न्या. दुकानदार हसला तर हसू दे. लादीचा तुकडा मागून घ्या, लिंबाचा रस एका जागी, पाण्याचे थेंब दुसऱ्या जागी, आणि बाजूच्या न पॉलिश केलेल्या कडेला रिमूव्हरचा कापूस. वीस मिनिटांत लिंबाची जागा निस्तेज झाली, पाण्याची गडद झाली किंवा कापूस काळा झाला तर पुढचं दुकान. लादीची मागची बाजू पण बघा, पुढून काळीकुट्ट आणि मागून फिकट राखाडी असेल तर प्रश्न विचारा. मागचं थोडं फिकट असणं साहजिक आहे कारण तिथे पॉलिश नाही, मागची बाजू ओली करून तुलना करा.

आणि बसवताना मिस्त्रीकडून ह्या गोष्टी करून घ्याच, आधी ठरवा आणि पैसे देताना तपासा. सिंकच्या कापाची आतली कड पॉलिश झालीच पाहिजे. दोन लाद्यांचा सांधा सिंकवर किंवा सिंकच्या लगेच बाजूला नको. ओट्याला सिंककडे अगदी किंचित उतार, पाण्याचा मग ओतून दाखवायला सांगा. पुढच्या कडेच्या खालून आडवी खाच मारून घ्या म्हणजे पाणी वळून ट्रॉलीवर न जाता तिथेच थेंबाने पडतं, कटरने मारायला त्यांना फार वेळ लागत नाही, न सांगता मात्र कोणी मारत नाही. सिंकच्या पुढे-मागे जी अरुंद पट्टी उरते तिच्या खाली कडप्प्याचा आधार हवा, नारळ फोडणं आणि खलबत्ता त्या पट्टीवर कधीच नको. सांध्यात व्हाइट सिमेंट भरायच्या आधी न्यूट्रल सिलिकॉनची ट्यूब त्याच्या हातात द्या. आणि शेवटच्या दिवशी धुलाईला ॲसिडचा कॅन आला तर ओट्यावर आधी प्लास्टिक अंथरायला लावा, टेपने चारी बाजू बंद करून.